पंप बदलण्याआधी गेज लावा: पेट्रोल गाडीचं फ्युएल प्रेशर तपासताना

चोर्ला घाट चढताना गाडी तिसऱ्या गिअरमध्ये दम टाकते, पण पणजीच्या सिग्नलला शांत उभी असते. किंवा सकाळी तीनतीनदा सेल्फ मारल्याशिवाय चालू होत नाही आणि एकदा चालू झाली की दिवसभर काही तक्रार नाही. अशा गाडीला "पंप गेला" हा निकाल फार लवकर मिळतो. पंपाचं पूर्ण मॉड्यूल काही हजारांना पडतं. ते बदलूनही गाडी तशीच राहिली, तर दोष बहुधा पंपाबाहेर होता: सीटखालच्या हिरव्या पडलेल्या कनेक्टरमध्ये, बोनेटमधल्या रिलेत (पंपाला वीज जोडणारा स्विच), नाहीतर इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या एखाद्या ठिबकणाऱ्या इंजेक्टरमध्ये.

म्हणून आधी गेज, म्हणजे दाब दाखवणारं मीटर, लावून मोजायचं. मोजायच्या गोष्टी चार आहेत: प्रेशर किती येतं, इंजिन बंद केल्यावर ते किती वेळ टिकतं, चढावर किती उरतं, आणि पंपापर्यंत किती व्होल्ट पोहोचतात. चौथी गोष्ट सर्रास वगळली जाते. गोव्याच्या दमट, खारट हवेत ती वगळून चालत नाही.

आकडा किती हवा

आजच्या बहुतेक एमपीएफआय (इंजेक्टरने पेट्रोल फवारणाऱ्या) गाड्यांत पंप टाकीच्या आतच असतो आणि जाळी, फिल्टर, प्रेशर ठरावीक ठेवणारा रेग्युलेटर, पेट्रोलची पातळी सांगणारा फ्लोट हे सगळं त्याच मॉड्यूलमध्ये असतं. जास्तीचं पेट्रोल टाकीतल्या टाकीतच परत सोडलं जातं. इंजिनपर्यंत एकच पाइप येतो. अशा गाड्यांत प्रेशर साधारण ३ ते ४ बार असतं आणि आयडलिंगला असो की रेस दिल्यावर, ते जवळजवळ स्थिर राहायला हवं. १ बार म्हणजे साधारण १४.५ पीएसआय, तेव्हा गेजवर ४३ ते ५८ पीएसआय दिसेल.

जुन्या गाड्यांत रेग्युलेटर इंजिनवर, इंजेक्टरना पेट्रोल वाटणाऱ्या नळीच्या, म्हणजे रेलच्या टोकाला असतो. त्याला मॅनिफोल्डकडून (इंजिनात हवा नेणारा भाग) व्हॅक्यूमची बारीक नळी येते आणि पेट्रोल परत नेणारा दुसरा पाइप टाकीकडे जातो. तिथे आयडलिंगला २.५ बारच्या आसपास दिसतं, आणि व्हॅक्यूमची नळी काढली की ते साधारण अर्ध्या बारने चढतं. तुमच्या गाडीचा नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्या. ३ बारच्या गाडीत ३ बार हे उत्तम, तेच ४ बारच्या गाडीत आजाराचं लक्षण.

टीएसआय, टी-जीडीआय अशा डायरेक्ट इंजेक्शनच्या (पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या) गाड्यांत टाकीतल्या पंपाखेरीज इंजिनवर कॅमशाफ्टने चालणारा दुसरा पंप असतो. त्याच्या पुढचं प्रेशर शेकड्यांत, कधी २०० बारच्याही वर जातं. त्या बाजूचा नट सैल करायचा नाही आणि तिथे गेज लावायचा नाही. एवढ्या दाबाने सुटलेली पेट्रोलची बारीक धार कातडीतून आत शिरते. ती बाजू फक्त स्कॅनरवर वाचा. या लेखातली गेजची कामं टाकीकडच्या कमी दाबाच्या बाजूपुरती आहेत.

गेजच्या आधी, फुकटात

टाकीत किमान दहा लिटर पेट्रोल आहे याची खात्री करा. काट्यावर विसंबू नका, कारण फ्लोट बिघडला की काटा खोटं बोलतो. मग मागच्या सीटजवळ कान देऊन चावी 'ऑन' करायला सांगा. सुमारे दोन सेकंद गुणगुणल्यासारखा आवाज यायला हवा. आवाज अजिबात नसेल तर फ्यूज, रिले, वायरिंग या क्रमाने जा. इमोबिलायझरचा दिवा लुकलुकत असेल तर चावीचा प्रश्न आधी सोडवा, कारण त्यात काही गाड्या पंपाला वीजच देत नाहीत. आवाज घरघरता किंवा शिट्टीसारखा असेल तर जाळी तुंबल्याचा किंवा पंप झिजल्याचा संशय धरावा. मात्र आवाज येतो म्हणजे प्रेशर येतं असं नव्हे. झिजलेला पंपही नीट गुणगुणतो.

ब्लूटूथवर चालणारा साधा ओबीडी स्कॅनरही (गाडीच्या संगणकातले दोषांचे कोड वाचणारं यंत्र) इथे पुष्कळ सांगून जातो. पी०१७१ म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी, पी०१७२ म्हणजे जास्त, पी००८७ म्हणजे रेलमध्ये प्रेशर कमी, पी०२३० म्हणजे पंपाच्या वीजमार्गात दोष. कोडपेक्षा फ्युएल ट्रिम, म्हणजे इसीयू (इंजिनचा संगणक) पेट्रोल किती टक्के वाढवतो किंवा घटवतो तो आकडा, जास्त बोलकं असतं. दीर्घकालीन ट्रिम अधिक १० टक्क्यांच्या वर असेल तर इसीयू पेट्रोल वाढवून देत आहे. ते आयडलिंगला जास्त आणि २५०० आरपीएमला जवळपास शून्यावर येत असेल तर कुठूनतरी हवा आत शिरते आहे, इनटेकच्या नळ्या तपासा. उलट आयडलिंगला बरं आणि भार वाढेल तसं ट्रिमही वाढत गेलं, तर पेट्रोल कमी पडतं आहे. गेज काढायची वेळ आता आली.

सुरक्षेचं, घाई न करता

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत सरपटत जाते आणि पेटायला बारीकशी ठिणगीही पुरते. काम उघड्यावर, सावलीत करा. गोव्यात गाडी बहुधा अंगणातच उभी असते. तेव्हा तुळशीपुढचा दिवा, उदबत्ती, चुलीतला विस्तव, चालू इन्व्हर्टर यांपासून लांब जागा निवडा आणि दिवेलागणीच्या वेळी हे काम काढू नका. दोन किलोचा एबीसी पावडरचा अग्निशामक हाताशी असू द्या. इंजिन थंड हवं.

पाइप सोडण्याआधी प्रेशर उतरवा. फ्युएल पंपचा फ्यूज किंवा रिले काढा, इंजिन चालू करा, आपोआप बंद पडू द्या, मग दोनदा तीन-तीन सेकंद सेल्फ मारा. त्यानंतर बॅटरीचं निगेटिव्ह काढा. एवढं करूनही पाइपमध्ये थोडं पेट्रोल उरतंच. जोडावर जाड कापड गुंडाळूनच क्लिप दाबा, आणि डोळ्यांवर चष्मा असू द्या.

गेज लावणं

आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांच्या रेलवर टायरसारखा टेस्ट व्हॉल्व्ह नसतो. त्यामुळे रेलकडे येणारा पाइप सोडून मधे टी-जोड घालावा लागतो. ० ते ७ बारचा गेज, गाडीच्या क्विक कनेक्टरला बसणारे अडॅप्टर आणि मधे बंद-चालू करता येणारा कॉक असलेला किट घ्या. कॉक नसलेला स्वस्त किट घेतलात तर पुढची सगळ्यात उपयोगी चाचणी करता येणार नाही. रबरी नळी इंजेक्शनच्या दाबाला चालणारी हवी. पाण्याची किंवा कार्बोरेटरच्या जमान्यातली नळी चार बारला फुटू शकते.

फ्यूज आणि बॅटरी जोडा, चावी तीन-चार वेळा 'ऑन-ऑफ' करा आणि प्रत्येक जोडाखाली कोरडा कागद धरा. एक थेंब जरी दिसला तरी इंजिन चालू करायचं नाही.

वाचन

चावी 'ऑन' केल्यावर एक-दोन वेळात पूर्ण प्रेशर यायला हवं. चार-पाच वेळा करावं लागत असेल तर पाइपमधलं पेट्रोल रात्रभरात मागे उतरतं आहे. इंजिन आयडलिंगला ठेवा, काटा बघा. मग रेस द्या. सरळ ३५०० आरपीएमपर्यंत नेलं तरी मॅन्युअलच्या आकड्यापेक्षा ०.३ बारहून जास्त उतरू नये. काटा थरथरत असेल तर पंप हवा ओढतो आहे: जाळी तुंबली, पेट्रोल कमी आहे, किंवा टाकीच्या आतली नळी चिरली आहे.

उभ्या गाडीत रेस दिल्याने पंपाची खरी परीक्षा होत नाही, इंजिनला भारच नसतो. गेजची नळी बोनेटच्या फटीतून बाहेर काढून गेज समोरच्या काचेला बाहेरून टेपने पक्का लावा. पेट्रोलची नळी गाडीच्या आत कधीही आणू नका. बोनेट नीट बंद होतं आणि नळी कुठे चेपत नाही हे बघा. चालवणारा वेगळा, काटा बघणारा वेगळा. केरीकडून चोर्ला, मोलेकडून अनमोड किंवा दक्षिणेत करमल घाट, जो जवळ पडेल तो. रहदारी कमी असताना तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण रेस देऊन दहा-पंधरा सेकंद चढवा. सपाटीवर ३.५ बार दाखवणारा काटा इथे २.५ वर आला, तर गाडी दम का टाकते ते कळलं. काटा जागचा हलला नाही आणि तरीही दम नसेल, तर पेट्रोलचा पिच्छा सोडा. तुंबलेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, इग्निशन कॉइल, मॅप सेन्सर (मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा), घसरणारा क्लच यांच्याकडे वळा.

सपाटीवर ठीक आणि चढावर कमी, असं का होतं हे समजून घेण्यासारखं आहे. आयडलिंगला इंजिन फार थोडं पेट्रोल खातं, उरलेलं सगळं रेग्युलेटर परत सोडतो. अर्धमेला पंपही तेवढं सहज भागवतो आणि काटा छान दिसतो. पूर्ण भाराला मागणी कित्येक पट होते, परत सोडायला काही उरत नाही, आणि तिथे पंपाची कमतरता उघडी पडते. फक्त आयडलिंगला गेज बघून "प्रेशर बरोबर आहे" म्हणणं ही या कामातली सगळ्यात मोठी चूक आहे.

प्रेशर टिकतं का

इंजिन बंद करा आणि घड्याळ लावा. गरम इंजिनवर सुरुवातीला काटा थोडा चढेल, ते स्वाभाविक आहे. रेल तापते आणि पेट्रोल फुगतं. त्यानंतर पाच मिनिटांत अर्ध्या बारपेक्षा जास्त उतरू नये. सकाळी सेल्फ लांबतो त्या गाडीत इथेच धागा सापडतो.

काटा झरझर उतरत असेल तर पुन्हा प्रेशर भरा आणि लगेच टाकीकडच्या बाजूचा कॉक बंद करा. आता काटा थांबला तर गळती मागे आहे: पंपातला चेक व्हॉल्व्ह (पेट्रोल मागे येऊ न देणारा), टाकीतला रेग्युलेटर किंवा आतली ओ-रिंग. कॉक बंद करूनही उतरतोच आहे तर एखादा इंजेक्टर ठिबकतो आहे. स्पार्क प्लग काढून बघा, ओला आणि काळा असलेला सिलिंडर तोच. रेलवर रेग्युलेटर असलेल्या जुन्या गाडीत त्याची व्हॅक्यूमची नळी काढून हुंगा. पेट्रोलचा वास किंवा थेंब असेल तर आतला पडदा फाटला. कॉकऐवजी पक्कड घेऊन नायलॉनचा पाइप दाबू नका, तो तडकतो आणि महिन्याभराने पाझरू लागतो.

पेट्रोल किती येतं, आणि कसलं येतं

पाइपचं टोक पेट्रोलसाठीच्या डब्यात सोडा, रिलेच्या सॉकेटमधल्या ३० आणि ८७ क्रमांकाच्या पिना १५ अँपिअरचा फ्यूज असलेल्या वायरने जोडा आणि ३० सेकंद मोजा. अर्धा लिटर हे किमान समजा. ठणठणीत पंप याहून बरंच जास्त देतो. काही नव्या गाड्यांत पंपाचा वेग वेगळं कंट्रोल युनिट ठरवतं. तिथे अशी थेट जोडणी करू नका, स्कॅनरमधून पंप चालवा.

त्यातलं थोडं पेट्रोल काचेच्या बरणीत घेऊन अर्धा तास स्थिर ठेवा. आता पेट्रोल पंपावर मिळतं ते ई२० म्हणजे २० टक्के इथेनॉल असलेलं पेट्रोल. इथेनॉल पाणी ओढून घेतं. थोडं पाणी ते पोटात सामावतं, पण मर्यादा ओलांडली की इथेनॉल आणि पाणी मिळून वेगळे होतात आणि तळाला बसतात. पंपाची जाळी नेमकी तळाशीच असते. बरणीत तळाला वेगळा थर किंवा गढूळपणा दिसला तर प्रेशरचा विचार बाजूला ठेवून आधी टाकी रिकामी करून पुसा.

पावसाळ्यात ही अडचण जास्त येते. भाड्याने द्यायच्या काळ्या पाटीच्या गाड्या सीझन संपला की जूनपासून उभ्या असतात, आणि घरची दुसरी गाडीही कित्येकदा चवथीलाच बाहेर निघते. अर्धी टाकी रिकामी असेल तर त्या मोकळ्या जागेतल्या दमट हवेचं पाणी पेट्रोलमध्ये उतरतं. गाडी महिनोन्महिने उभी राहणार असेल तर टाकी जवळजवळ भरून ठेवा आणि झाकणाचं रबर तपासा. जुन्या, इथेनॉल ध्यानात न घेता बनवलेल्या गाड्यांत रबरी नळ्या आणि ओ-रिंग फुगतात, मऊ होतात. तिथे नळी बोटांनी दाबून बघणं हीसुद्धा चाचणीच आहे. याच दिवसांत उंदीर कोरडी, ऊबदार जागा म्हणून बोनेटमध्ये शिरतात आणि वायरी, व्हॅक्यूमच्या नळ्या, प्रसंगी पेट्रोलचा पाइपही कुरतडतात. गेज उघडण्याआधी टॉर्च घेऊन पाच मिनिटं नीट बघितलेलं बरं.

व्होल्ट

प्रेशर कमी भरलं तरी पंप अजून ऑर्डर करू नका. मागचं सीट उचला, झाकण काढा, पंपाच्या कनेक्टरमध्ये मागच्या बाजूने बारीक पिना घालून मल्टिमीटर लावा. वायरीचं आवरण टोचू नका. त्या भोकातून ओल शिरते आणि आतलं तांबं हिरवं होऊन सडतं.

इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८ ते १४.२ व्होल्ट असतात. पंपावर त्याहून अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त कमी नको. १०.५ व्होल्टवर चालणारा पंप सपाटीवर प्रेशर धरून ठेवतो आणि घाटात हात टेकतो, अगदी झिजलेल्या पंपासारखा. त्यावर नवा पंप बसवला तर काही दिवस बरं वाटतं, मग तोही तसाच वागतो.

व्होल्ट कमी असतील तर कुठे हरवतात ते शोधा. पाच मीटर वायर जोडून मल्टिमीटरची लाल पिन बॅटरीच्या पॉझिटिव्हवर आणि काळी पंपाच्या पॉझिटिव्हवर लावा. पंप चालू असताना ०.३ पेक्षा जास्त दिसलं तर दोष रिले, त्याचं सॉकेट, फ्यूजबॉक्स किंवा मधल्या जोडात. मग काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि लाल पंपाच्या अर्थवर: ०.२ पेक्षा जास्त असेल तर अर्थिंग खराब. अर्थचा बोल्ट बहुधा सीटखाली किंवा डिकीत कार्पेटखाली असतो. पावसात कार्पेट ओलं राहिलं की तिथे गंज चढतोच, आणि किनाऱ्याजवळच्या गाड्यांत जास्त. बोल्ट काढून पत्रा चकचकीत घासा, घट्ट आवळा, वरून ग्रीस लावा. कनेक्टरची पिन काळी किंवा प्लास्टिक पिवळं पडून वितळलेलं दिसलं तर कनेक्टरच बदला. साफ करून तो टिकत नाही.

डीसी क्लॅम्प मीटर असेल तर करंटही बघा. छोट्या गाड्यांचे पंप साधारण ४ ते ७ अँपिअर घेतात. व्होल्ट पुरेसे, करंट जास्त आणि पेट्रोल कमी: पंप अडकतो आहे किंवा त्याच्या पुढचा फिल्टर तुंबला आहे. व्होल्ट पुरेसे आणि करंटही कमी: जाळी तुंबून पंप कोरडा फिरतो आहे, किंवा झिजला आहे.

प्रेशर जास्त असेल तर

हे कमी वेळा घडतं. काळा धूर, काळे प्लग, पेट्रोलचा वास, ट्रिम उणे १० टक्क्यांच्या खाली. कारण बहुधा या दोनांपैकी एक: रेग्युलेटर अडकलेला, किंवा परत जाणारा पाइप चेपलेला. प्रेशर बरोबर असूनही ही लक्षणं असतील आणि पेट्रोल भरल्यावर गाडी चालू व्हायला त्रास देत असेल, तर पर्ज व्हॉल्व्ह (टाकीतली वाफ इंजिनात सोडणारा) उघडा अडकला आहे का ते बघा. त्याची नळी काढून तोंड बंद केल्यावर आयडलिंग सुधारलं, तर दोष तिथेच.

पंपच बदलायचा ठरला तर

टाकी पाव भागापेक्षा कमी असताना काम करा. झाकणावरची लाल धूळ ब्रशने आणि हवेने पूर्ण काढल्याशिवाय मॉड्यूल उचलू नका, नाहीतर ती सगळी टाकीत जाते. लॉक रिंग फिरवायला पितळी किंवा लाकडी ठोकणी वापरा, लोखंडावर लोखंड मारून ठिणगी पाडू नका. मोठी ओ-रिंग नवीनच घाला. जुनी फुगलेली असते आणि खाचेत बसत नाही. फ्लोटची दांडी वाकू न देता मॉड्यूल तिरकं करून उतरवा. बसवल्यावर गेज पुन्हा लावून तोच चढ पुन्हा चढा, आणि आधीचा आकडा व नवा आकडा शेजारी लिहून ठेवा. यापुढे टाकी राखीववर नेण्याची सवय सोडा. पेट्रोलच पंपाच्या मोटरला थंड ठेवतं आणि वंगणही देतं.

काढलेल्या मॉड्यूलची जाळी आणि फिल्टर कापून पांढऱ्या कागदावर झटका. काळी बारीक पूड ही पंपाच्या ब्रशची किंवा विरलेल्या रबराची. तांबूस भुकटी दिसली तर ती चुंबकाने ओढून बघा. चिकटली तर टाकी आतून गंजली आहे, आणि ती धुतल्याशिवाय नवा पंप बसवायचा नाही.